उत्प्लुतिकरणे

उत्प्लुतिकरणे : उडी, कोलांटी, गिरकी, कमान आणि तोल ह्या कसरतींच्या क्रियांना ताल, स्थानक व अंगविन्यास यांच्या शास्त्रीय शिस्तीत बसविणारा भारतीय नृत्यातील एक प्रकार. ‘उत्प्लुति’ म्हणजे वर उसळणे अथवा उडी घेणे आणि ‘करण’ म्हणजे हात, पाय व शरीर यांच्या एकत्रित हालचालीतून सिद्ध होणारा नृत्याचा घटक. भरताच्या नाट्यशास्त्रातील एकशे आठ करणांहून ही करणे वेगळी असून त्यांचा अंतर्भाव देशी नृत्यात होतो. त्यांचे सर्वांत व्यवस्थित विवेचन तेराव्या शतकात देवगिरी (दौलताबाद) येथे, यादव राजा सिंघण (कार. १२१०–४७) याच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर  ह्या ग्रंथात केले. आज शास्त्रीय नृत्य आणि डोंबाऱ्याचा खेळ ह्या दोन अगदी भिन्न प्रतिष्ठेच्या गोष्टी समजल्या जातात. उत्प्लुतिकरणांचा इतिहास पाहता ही विभागणी पुरातन नसून पुढील काळात घडत गेलेली आहे, असे दिसते.

भरतपरंपरा : नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायात एकशे आठ करणे व त्यांच्या संयोगातून होणारे बत्तीस अंगहार सांगितले आहेत. तलपुष्पपुटापासून गंगावतरणापर्यंतच्या ह्या करणांमध्ये संथ व सौम्य हालचालींबरोबरच अत्यंत अवघड हालचालीही आहेत. वृश्चिक गटातील करणांत पाय पाठीमागून विंचवाच्या नांगीप्रमाणे वर उचलला जातो. ललाटतिलकात पायाचा अंगठा कपाळापर्यंत पोहोचतो. हरिणप्लुत, गरुडप्लुतक, सिंहविक्रीडित इ. नावांवरूनच झेप व आवेग सूचित होतो. अशा हालचालींसाठी शरीर कसे तयार करावे, याचाही विचार भरताने केला आहे. चारींच्या विवेचनात तो व्यायामाचा स्वतंत्र उल्लेख करतो. अंगाला तेल लावून व मर्दन करून, जमिनीवर, भिंतीच्या आधाराने आणि अधांतरी असा सराव करावा, आहार व औषधोपचार यांनी शरीर निरोगी राखावे, असे त्याचे सांगणे आहे. नर्तकाची तालीम आणि मल्लाची तालीम यांत त्या काळी फारसे अंतर नव्हते, हे त्यावरून लक्षात येते.

तथापि भरताच्या पद्धतीत उडी ही करणाचे एक अंग आहे. ती करणाचे सर्वस्व नाही. शरीर पूर्णपणे हवेत फिरविणे, डोक्यावर उभे राहून गिरकी घेणे, जमिनीवर पालथे पडून पुन्हा उसळणे अशा क्रियांना त्याने स्वतंत्र वर्ग दिलेला नाही. त्या लोकांत प्रचलित असाव्यात. परंतु शास्त्राच्या यादीत त्यांना यायला आणखी काही शतके लागली.

मार्ग व देशी : मध्ययुगीन संगीतशास्त्रात ‘मार्ग’ आणि ‘देशी’ असा भेद केला जातो. प्राचीन ग्रंथांनी नियमबद्ध केलेले ते मार्ग आणि त्या त्या प्रदेशातील लोकांच्या रुचीप्रमाणे चालणारे ते देशी. ‘देशी’ ह्या शब्दाचा अर्थ अडाणी किंवा अशास्त्रीय असा नव्हता. राजसभेत देशी नृत्याला स्थान होते, त्याचे शिक्षक होते आणि त्याची परिभाषाही होती. दख्खनमध्ये बाराव्या व तेराव्या शतकांत राजाश्रयाने जे कोशवजा ग्रंथ तयार झाले, त्यांनी ही परिभाषा प्रथमच मोठ्या प्रमाणावर नोंदवून ठेवली.

ह्या ग्रंथांत कल्याणीचा (सध्याचे बसवकल्याण) चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा मानसोल्लास  हा ग्रंथ अग्रगण्य होय. तो सु. ११३० मध्ये लिहिला गेला. राजाच्या करमणुकीचे विविध प्रकार सांगताना सोमेश्वर नृत्याबरोबरच मल्लविद्येचेही वर्णन करतो आणि त्यात खांबावरील व्यायामाचा उल्लेख येतो. हाच मल्लखांबाचा जुना निर्देश मानला जातो. एकाच राजसभेत, एकाच ग्रंथात नर्तकी आणि मल्ल शेजारी शेजारी येतात, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. देशी करणांचे वर्णनही ह्या ग्रंथात आढळते.

देवगिरी व शार्ङ्गदेव : शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे काश्मीरचे. त्याचा आजोबा भास्कर दक्षिणेत आला आणि वडील सोढल यादवांच्या सेवेत होते. शार्ङ्गदेव स्वतः सिंघणाचा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख होता. हिशेबनिसाची काटेकोर वृत्ती त्याच्या ग्रंथात पदोपदी जाणवते. सात अध्यायांच्या संगीतरत्नाकराचा अखेरचा अध्याय नर्तनाचा आहे. त्यात भरताची एकशे आठ करणे देऊन झाल्यावर त्याने छत्तीस उत्प्लुतिकरणे स्वतंत्रपणे सांगितली. तेवीस देशी स्थानके व चौपन्न देशी चारी हेही त्याने नोंदविले असून चारींपैकी पस्तीस भौमी (जमिनीवरील) व एकोणीस आकाशिकी आहेत.

ह्या ग्रंथाची भूमी म्हणजे आजचा मराठवाडा होय. गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या खोऱ्यांतील परभणी जिल्ह्याचा प्रदेश यादवांच्या राज्यात मोडत होता. जिंतूर तालुक्यातील चारठाण्याची मंदिरे, पूर्वी परभणी जिल्ह्यात व १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यात असलेले औंढा नागनाथाचे मंदिर, परभणी–पूर्णा लोहमार्गावरील पिंगळी व त्याच्या आसमंतातील जुनी गावे हा सारा परिसर त्या संस्कृतीच्या खुणा बाळगून आहे. ह्या भागातील मध्ययुगीन मंदिरांच्या भिंतींवर नर्तकी व वादक यांच्या मूर्ती वारंवार आढळतात. औरंगाबादच्या सातव्या क्रमांकाच्या लेण्यातील वादक स्त्रियांनी वेढलेल्या नर्तकीचे शिल्प तर यादवांच्याही कित्येक शतके आधीचे आहे. शार्ङ्गदेवाने ज्या नर्तनाचे नियम लिहिले, त्याची परंपरा ह्या प्रदेशात त्यापूर्वीच खोल रुजलेली होती.

छत्तीस प्रकार : शार्ङ्गदेवाच्या यादीतील करणांचे स्थूलमानाने काही गट पाडता येतात. पहिला गट अंचिताचा. त्यात अंचित, एकचरणांचित, भैरवांचित, दंडप्रणामांचित, कर्तर्यंचित, समपादांचित, भ्रांतपादांचित, तिर्यगंचित हे उडीचे प्रकार येतात. पाय जुळलेले आहेत की एकच पाय वापरला आहे, ते कात्रीप्रमाणे परस्परांना छेदतात की नाही, शरीर सरळ आहे की तिरपे, यांवरून हे प्रकार वेगळे होतात. दुसरा गट अलग व त्याचे कूर्मालग, ऊर्ध्वालग आणि अंतरालग हे उपप्रकार यांचा. तिसरा लोहडी, एकपादलोहडी व कर्तरीलोहडी यांचा. चौथा गट भ्रमरींचा असून त्यात बाह्यभ्रमरी, अंतर्भ्रमरी, छत्रभ्रमरी, तिरिपभ्रमरी, अलगभ्रमरी, चक्रभ्रमरी, उचितभ्रमरी, शिरोभ्रमरी व दिग्भ्रमरी ह्या नऊ गिरक्या आहेत. शिरोभ्रमरीत डोके जमिनीवर टेकून पाय वर करून शरीर फिरविले जाते. उरलेल्या करणांत नतपृष्ठ (पाठीची कमान), कपालचूर्णन, नागबंध, मत्स्यकरण, जलशयन, दर्पसरण, एणप्लुत (हरिणउडी), स्कंधभ्रांत इ. आहेत.

ह्या नावांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, ‘लोहडी’, ‘अलग’, ‘तिरिप’ यांसारखे शब्द पंडितांच्या संस्कृतातून घडलेले वाटत नाहीत. ते कलावंतांच्या बोलण्यातून ग्रंथात आले असावेत. शास्त्रकाराने कसरत करणाऱ्यांचे शब्द जसेच्या तसे उचलले आणि त्यांना संस्कृत श्लोकांत बसविले. दुसरी गोष्ट अशी की, ह्या क्रियांचे वर्णन करताना कसरतीचा थरार सांगण्यावर भर नाही. कोणत्या स्थितीतून उडी घ्यायची, हवेत शरीर कोणत्या बाजूस वळवायचे आणि कोणत्या स्थितीत खाली यायचे, एवढेच मोजक्या शब्दांत सांगितलेले असते. आरंभ व शेवट निश्चित असल्यामुळे उडी तालाच्या मात्रांत बसते आणि पुढच्या चारीशी वा करणाशी जोडता येते. कसरत आणि नृत्य यांच्यातील भेद नेमका येथे आहे. कसरतीत उडी साधली की क्रिया संपते. नृत्यात उडीनंतरची स्थिती समेवर यावी लागते.

विषम नृत्त व पेरणी : शार्ङ्गदेवाने नृत्ताचे विषम, विकट व लघू असे तीन भेद केले आहेत. अवघड कसरतींचे ते विषम, वेडीवाकडी वेशभूषा व अंगविक्षेप यांचे ते विकट आणि अंचितासारख्या थोड्या करणांचे ते लघू. म्हणजे कसरत हा नृत्ताचा एक मान्य भेद होता. तो नृत्ताबाहेरचा प्रकार समजला जात नव्हता.

ह्या भेदांचा प्रत्यक्ष प्रयोग ‘पेरणी’ ह्या देशी नृत्यात होई. पेरणी नर्तकाच्या अंगाला पांढरी भुकटी फासलेली असे, डोक्यावर शेंडी राखून बाकीचे केस काढलेले असत आणि पोटऱ्यांवर घर्घरिका म्हणजे लहान घुंगरे बांधलेली असत. त्याचा आवाज चांगला असावा व ताल-लयींवर त्याचे प्रभुत्व असावे, अशी अपेक्षा होती. पेरणीची पाच अंगे सांगितली आहेत : घुंगरांच्या नादाचे घर्घर, उत्प्लुतिकरणांनी युक्त असे विषम, नकलांवर आधारलेले भावाश्रय, स्तुतिपर कविवार आणि गीत. घुंगरांचा सूक्ष्म नाद व हवेतील कोलांटी, गाणे व नक्कल ह्या सर्व गोष्टी एकाच नर्तकाने साधायच्या असत. शास्त्रीय तंत्र व कसरत यांच्या मिश्रणाचे यापेक्षा पूर्ण उदाहरण मध्ययुगीन ग्रंथांत क्वचितच सापडेल.

शेजारच्या काकतीयांच्या राज्यात गणपतिदेवाचा गजदलप्रमुख जायप सेनापती याने १२५३–५४ मध्ये नृत्तरत्नावली  हा केवळ नृत्यास वाहिलेला ग्रंथ लिहिला. त्याच्या आठ अध्यायांपैकी उत्तरार्धात देशी नृत्याचे विवेचन असून पेरणीला त्यात महत्त्वाचे स्थान आहे. देवगिरी व वरंगळ ही राज्ये परस्परांशी लढत होती. परंतु नृत्याची परिभाषा दोन्हीकडे बव्हंशी एकच होती.

कोह्लाटिक : नर्तनाध्यायात शार्ङ्गदेवाने नट, नर्तक, वैतालिक व चारण यांच्या पाठोपाठ कोह्लाटिक ह्या कलावंताचे लक्षण दिले आहे. जड भार वाहणे, भ्रमरी घेणे, दोरीवर चालणे, सुऱ्या घेऊन नाचणे व शस्त्रांचे खेळ करणे यांत तो निष्णात असावा, असे हे लक्षण आहे. ग्रंथकाराने त्याला हीन लेखल्याचे कोणतेही चिन्ह तेथे नाही. राजसभेतील कलावंतांच्या मालिकेतील तो एक आहे.

महाराष्ट्रातील कोल्हाटी समाजाचे नाव व परंपरागत व्यवसाय ह्या लक्षणाशी इतके जुळतात की, ह्या दोहोंचा संबंध अभ्यासकांच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही. कोल्हाटी हे नाव ‘कोल्हाट’ म्हणजे कसरतीचा लांब बांबू यावरून आले, अशीही एक व्युत्पत्ती दिली जाते. केवळ नामसाम्य व कलासाम्य यांवरून तेराव्या शतकातील कोह्लाटिकापासून आजच्या कुटुंबांपर्यंत अखंड वंशपरंपरा सिद्ध होत नाही. परंतु कलेची परंपरा वंशावर अवलंबून नसते. दोरी, भार, गिरकी व शस्त्र ही कौशल्यांची तीच जुळणी त्याच प्रदेशात त्याच नावाखाली सातशे वर्षांनंतरही आढळते, एवढे निर्विवाद आहे. मराठी भाषेनेही हे नाते जपले आहे. ‘कोलांटउडी’ हा रोजच्या वापरातील शब्द कोल्हाट्यांच्या उडीवरूनच आला, असे मानले जाते.

राजाश्रयाचा अंत : अलाउद्दीन खल्‌जीने १२९६ मध्ये देवगिरीवर स्वारी केली आणि १३१८ मध्ये यादवांची सत्ता संपुष्टात आली. राजसभेबरोबर देशी नृत्याचा शास्त्रीय आश्रयही ह्या प्रदेशातून हलला. संगीतरत्नाकराचा अभ्यास थांबला नाही. तो दक्षिणेकडे सरकला. पंधराव्या शतकात विजयानगरच्या राजसभेत कल्लिनाथाने त्यावर कलानिधी  ही टीका लिहिली. त्याच नगरात सु. १५२० मध्ये आलेल्या दोमिंगो पाइश ह्या पोर्तुगीज प्रवाशाने राजवाड्यातील नृत्यशाळेचे वर्णन केले आहे. तेथे नृत्यातील स्थिती दाखविणारी शिल्पे होती आणि मुलींना हातांनी आधार धरून हातपाय व कंबर ताणण्याचा सराव करण्यासाठी वेगळी जागा होती. भरताने सांगितलेल्या व्यायामाचीच ही सुमारे दीड हजार वर्षांनंतरची आवृत्ती म्हणता येईल. सोळाव्या शतकात खानदेशच्या फारुकी राजवटीच्या आश्रयास काही काळ असलेल्या पुंडरीक विठ्ठलाने नर्तननिर्णय  ह्या ग्रंथात नियमबद्ध (बंध) व मुक्त (अनिबंध) नृत्य असा नवा भेद मांडला. ग्रंथांची परंपरा अशा रीतीने चालू राहिली. परंतु करणे प्रत्यक्ष करून दाखविणारे कलावंत व ग्रंथ लिहिणारे पंडित यांच्यातील अंतर वाढत गेले.

तंजावरचे वळण : मराठ्यांच्या तंजावर राज्यात नृत्यशास्त्राला पुन्हा राजाश्रय लाभला. तुळजा पहिला (कार. १७२८–३६) याने संगीतसारामृत  ह्या ग्रंथात नृत्याच्या प्राथमिक सरावाचे, म्हणजे अडवूंचे वर्णन केले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सरफोजी दुसरा (कार. १७९८–१८३२) याने नृत्यासाठी मराठी निरूपणे रचली. त्याच सुमारास चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलू ह्या चार बंधूंनी नृत्याच्या कार्यक्रमाचा क्रम निश्चित केला. पुढे भरतनाट्यम् ह्या नावाने प्रसिद्ध झालेल्या शैलीचा हा पाया होय. ह्या नव्या घडणीत पदन्यास, अर्धमंडल व अभिनय यांना प्राधान्य मिळाले. उड्या राहिल्या, अलग हे नावही अभिनयदर्पणातील उत्प्लवनांच्या यादीत टिकून आहे. मात्र संपूर्ण शरीर उलटे करणारी करणे रंगभूमीवरून गेली. ती उरली केवळ मंदिरांच्या दगडांत : तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात अकराव्या शतकाच्या आरंभी कोरलेली एक्याऐंशी करणे, तसेच चिदंबरम्‌च्या गोपुरांवरील नाट्यशास्त्राच्या श्लोकांसह कोरलेली करणे. एकोणिसाव्या शतकातील नर्तकी रोज ज्या मंदिरात नाचे, त्याच मंदिराच्या भिंतीवरील करणे तिच्या नृत्यात नसत, असा हा विरोधाभास आहे.

गावच्या चौकात : महाराष्ट्रात उत्प्लुतिकरणांचा वारसा दुसऱ्या दिशेने गेला. पैठणचे संत एकनाथ (१५३३–९९) यांच्या भारुडांत कोल्हाटीण हे पात्र येते. म्हणजे सोळाव्या शतकात गोदाकाठच्या गावकऱ्यांना तिचा खेळ पूर्ण परिचयाचा होता. राजसभेतील कोह्लाटिक आता पाल ठोकून गावोगाव फिरणारा कलावंत झाला होता. कोल्हाटी, डोंबारी व गोपाळ ह्या समाजांतील कुटुंबे जत्रांतून व आठवडी बाजारांतून आपले खेळ करीत. खेळाची मांडणी साधी असे. कैचीप्रमाणे बांधलेल्या बांबूंच्या दोन जोड्या रोवून त्यांवर दोर ताणला जाई. हातात तोलासाठी आडवी काठी व डोक्यावर घागरींची उतरंड घेऊन मुलगी त्या दोरावरून चाले. खाली पुरुष ढोलके वाजवी आणि बोलून प्रेक्षकांना खिळवून ठेवी. ढोलक्याची लय चालीप्रमाणे बदले व कोलांटीच्या क्षणी थाप पडे. भार, रज्जुसंचार, भ्रमरी आणि ताल ही शार्ङ्गदेवाची सारी अंगे पिंगळीसारख्या लहान गावांच्या चौकांतही अशा रीतीने पोहोचली. फरक एवढाच की, येथे मोबदला राजाच्या भांडारातून मिळत नसे. तो पसरलेल्या फडक्यावर पडणाऱ्या धान्यातून व पैशांतून गोळा होई.

कसरतीचे अन्य अंग तालमींत वाढले. पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाचे पुनरुज्जीवन केले आणि पुढे तो मराठी तरुणांच्या व्यायामाचा मानाचा प्रकार झाला. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये मुंबईत आपल्या सर्कशीचे प्रयोग सुरू केले. तेव्हापासून झुला, दोरी व तोल यांचे खेळ तंबूत तिकीट लावून होऊ लागले. एकाच प्रकारची शारीरिक कौशल्ये तालमीत व्यायाम, सर्कशीत करमणूक आणि रस्त्यावर भीक समजली जाऊ लागली. कौशल्य बदलले नव्हते; ते करणाऱ्याची जात व जागा यांवरून त्याची किंमत ठरत होती.

तमाशा व विमुक्ती : ब्रिटिश राजवटीत भटकंतीकडेच संशयाने पाहिले गेले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक फिरस्त्या समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि १९११ मध्ये ह्या कायद्याची व्याप्ती वाढली. स्वतंत्र भारतात तो १९५२ मध्ये रद्द झाला. फिरत्या खेळांचे उत्पन्न आटत गेले, तशा कोल्हाटी समाजातील अनेक स्त्रिया तमाशाच्या संगीत बारीत लावणीनृत्याकडे वळल्या. लावणीला त्यांनी दिलेली पायांची तयारी, गिरक्यांची सफाई व घुंगरांवरील ताबा हे मराठी रंगभूमीचे मोठे धन आहे. पण त्यासाठी त्यांना द्यावे लागलेले मोलही मोठे होते. डॉ. किशोर शांताबाई काळे यांच्या कोल्हाट्याचं पोर  (१९९४) ह्या आत्मकथनाने ह्या समाजातील नर्तकींचे जीवन, त्यांच्या कमाईवर जगणारी कुटुंबे आणि त्यांच्या मुलांची परवड मराठी वाचकांसमोर आणली. महाराष्ट्र शासनाच्या यादीत कोल्हाटी ही जमात भटक्या जमातींमध्ये समाविष्ट आहे.

कसरतीच्या कलेपुढे आणखी एक पेच आहे. पाठीचा कणा व सांधे लवचिक असतात त्या वयातच ह्या कलेची तयारी सुरू करावी लागते. पूर्वी ती घरातच होई आणि मूल लहानपणीच दोरावर चढे. बालकांचे शोषण रोखण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सर्कशींत मुलांना कामास ठेवण्यावर बंदी आणण्याचे आदेश दिले. मुलांचे संरक्षण आवश्यकच आहे. परंतु शास्त्रीय नृत्य शिकणाऱ्या मुलांसाठी जशा शाळा, शिष्यवृत्त्या व परीक्षा आहेत, तशी पर्यायी व्यवस्था दोरावरच्या मुलांसाठी उभी राहिली नाही. परिणामी शोषण थांबविताना कलेचे हस्तांतरणही थांबण्याचा संभव निर्माण झाला.

पुनर्रचना व जिवंत परंपरा : विसाव्या शतकात करणांचा अभ्यास नव्याने सुरू झाला. पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९६–९७ मध्ये मंगेश रामकृष्ण तेलंग यांनी संपादिलेला संगीतरत्नाकर  प्रसिद्ध केल्यामुळे ग्रंथ अभ्यासकांच्या हाती आला होता. ग. ह. तारळेकर यांनी त्याचे मराठी भाषांतर केले. आचार्य पार्वतीकुमार (१९२१–२०१२) यांनी सरफोजींची मराठी निरूपणे रंगमंचावर आणली. पद्मा सुब्रह्मण्यम् यांनी मंदिरशिल्पे व ग्रंथ यांची तुलना करून करणे ही गोठलेली ठेवण नसून सलग हालचाल आहे, असे प्रयोगातून दाखविले. महाराष्ट्रात सातारा येथे १९८० च्या दशकात उभारलेल्या उत्तर चिदंबरम् नटराज मंदिरातील करणशिल्पे त्यांच्याच आराखड्यांनुसार घडविलेली आहेत. तेलंगणात नटराज रामकृष्ण (१९२३–२०११) यांनी जायपाचा ग्रंथ व पालमपेटच्या रामप्पा मंदिरातील (१२१३) शिल्पे यांच्या आधारे पेरिणी नृत्याचे पुनरुज्जीवन केले. ओडिशात रघुराजपूर व अन्य गावांतील गोटिपुअ मुलांची परंपरा तर आजही चालू आहे. मुलींच्या वेषातील हे मुलगे गायन व अभिनय यांबरोबर शरीराच्या अवघड कमानी व मनोरे यांचे बंधनृत्य करतात. ओडिसी नृत्याचे थोर गुरू केलुचरण महापात्र (१९२६–२००४) यांचे बालपण ह्याच परंपरेत गेले. तेथे शास्त्रीय शैली आणि कसरत यांच्यातील दुवा तुटला नाही. गोटिपुअ शिकलेली व्यक्ती अभिजात नृत्याची गुरू होऊ शकली.

महाराष्ट्रात चित्र उलट आहे. उत्प्लुतिकरणांचा प्रमुख ग्रंथ ह्या भूमीत लिहिला गेला आणि त्यांपैकी बऱ्याच क्रिया जिवंत ठेवणारे समाजही ह्याच भूमीत राहिले. परंतु ग्रंथाचे अभ्यासक आणि दोरावरचे कलावंत यांची भेट क्वचितच झाली. शास्त्रीय नृत्याच्या वर्गात शिरोभ्रमरी हे नाव पाठ केले जाते. ती करून दाखविणारी मुलगी मात्र वर्गाबाहेर राहते. शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात कोह्लाटिकाला नर्तकाच्या ओळीत बसविले होते. त्या ओळीतील त्याची जागा त्याला पुन्हा मिळवून देणे हे केवळ एका जमातीच्या सन्मानापुरते मर्यादित नसून मराठवाड्यात घडलेल्या एका नृत्यशास्त्राचा हरवलेला अर्धा भाग परत मिळविण्याचेही ते कार्य ठरेल.